सुटलेली पट्टी

ओरेस्ट हॅलुश्कोच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला येत्या मार्चमध्ये अकरा वर्षं होतील. पत्र तसं लहानच होतं. रिंकच्या वेळापत्रकाचा जुना कागद आणि त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेल्या काही ओळी.

"डॉक्टर फ्रीसन यांस. मी बर्था चालवू का नको? हो किंवा नाही एवढंच लिहा. फॉर्म पाठवू नका, फॉर्म मला कळत नाहीत. हाताने लिहा, तुमचं अक्षर मला लागतं. ओरेस्ट. ता. क. डारिया तुमच्यासाठी काकडीचं लोणचं पाठवते आहे. मीठ कमी घातलंय असं ती सांगेल. विश्वास ठेवू नका."

मी ते वाचलं, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवलं. पुढे निवृत्त झालो तेव्हा खणातलं सगळं एका खोक्यात भरून घरी आणलं आणि खोक्यावर 'नंतर' असं लिहिलं.

बर्था ही बाई नव्हे. बर्था म्हणजे आमच्या रिंकवरचं, आइस हॉकीच्या मैदानावरचं, बर्फ तासणारं यंत्र. गवताच्या गाडीएवढं, पुढून बर्फ खरवडणारं आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाणारं. मॅचमध्ये दोन मध्यंतरं होतात, पंधरा-पंधरा मिनिटांची. तेवढ्यात सगळं मैदान पुन्हा आरशासारखं करायचं असतं. एका पट्टीला लागून दुसरी, तिच्यावर चार बोटं चढलेली, अशी यंत्राची चाल. ओरेस्ट हे काम बत्तीस वर्षं करत होता. आमचं गाव चार हजार वस्तीचं. चर्च तीन, पण त्यांच्यावरून कधी भांडण झालं नाही. बर्फावरून मात्र दर हिवाळ्यात होतं, आणि ओरेस्टच्या बर्फाला शेजारच्या गावांनीही कधी नाव ठेवलं नव्हतं.

त्याचं यकृत निबर झालं होतं. तो दारू पीत नसे. तीस वर्षं रिंकच्या कँटीनमधली, वर रस्सा आणि चीज ओतलेली बटाट्याची तळलेली कापं खाल्ली, साखरेचा आजार वाढू दिला, आणि व्हायचं ते झालं. गावाला मात्र हे पटेना. चर्चमधल्या फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून दारूमुक्तीचं पुस्तक दिलं.

"फादर, मी पीतच नाही," ओरेस्ट म्हणाला.

"पहिली पायरी हीच असते रे," फादर म्हणाले. "नाही म्हणणं."

मला तो म्हणाला, "डॉक्टर, प्यायलो असतो तर निदान चार आठवणी तरी असत्या."

दर बुधवारी मी लिव्हरचा दवाखाना चालवत असे. मी त्यातला तज्ज्ञ नव्हतो. खरा तज्ज्ञ सॅस्काटूनला, अडीच तासांवर. तो महिन्यातून एकदा पडद्यावर दिसायचा आणि नेमका महत्त्वाच्या वाक्याला तोंड उघडं ठेवून गोठायचा. मी पुस्तकं वाचत असे, एवढीच माझी लायकी. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला सगळं कळतं असा गावाचा समज होता, आणि तो खोडून काढण्याचं धाडस मला कधी झालं नाही.

ओरेस्टला जलोदर झाला होता. दर दोन आठवड्यांनी मी त्याच्या पोटात सुई घालून सात-आठ लिटर पाणी काढायचो. तो बाटल्यांकडे बघून म्हणायचा, "यात रिंकच्या निळ्या रेषेपर्यंतचं बर्फ झालं असतं." अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना दोनदा रबरी कड्या घालून झाल्या होत्या. मीठ दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, असं मी लिहून दिलं होतं. इस्पितळाच्या ताटातही 'कमी मीठ' अशी चिठ्ठी असायची, आणि ती डब्यातल्या सूपच्या वाटीला टेकवून ठेवलेली असायची. ते सूप समुद्राहून खारट होतं. आम्ही देत होतो ते आहाराचं पत्रक प्रथिनं टाळा असं सांगायचं. हा सल्ला चुकीचा असल्याचं कळून बरीच वर्षं झाली होती, पण पत्रकं छापून आली होती पाच हजार आणि आमच्याकडे पेशंट होते अकरा.

"मीठ नाही, सॉसेज नाही, आंबवलेली कोबी नाही," डारिया, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली. "मग जेवायचं कशाला? नुसतं ताट बघून उठावं."

या सगळ्यात अवघड गोष्ट होती धुक्याची. निबर झालेलं यकृत रक्त गाळत नाही, आतड्यातलं विष डोक्यात चढतं, आणि माणूस आधी वार विसरतो, मग शब्द, मग झोपेतून उठत नाही. याला दवाखान्यात आम्ही धुकं म्हणायचो. त्यावरचा उपाय म्हणजे एक गोडमिट्ट सिरप. ते इतकं घ्यायचं की दिवसातून दोन-तीनदा संडासला झालं पाहिजे. मोठमोठ्या ग्रंथांचं सार एवढंच. आम्ही पेशंटला महिन्याचा तक्ता देत असू. जितक्या वेळा जाऊन आलात, तितक्या रेघा त्या दिवसाच्या चौकोनात.

तक्ते तपासण्याचं काम आमच्या इस्पितळाच्या गुणवत्ता समितीकडे होतं. तिच्या अध्यक्ष कार्लीन प्रुडन पूर्वी धान्याच्या कोठारावर वजनं बघत. काट्यावर आकडा आला म्हणजे तेवढा गहू आहे, अशी त्यांची श्रद्धा. ओरेस्टचा तक्ता बघून त्यांना भरून आलं. रोज तीन. जानेवारीत त्र्याण्णव, फेब्रुवारीत चौऱ्याऐंशी. एकही चौकोन रिकामा नाही, एकही खाडाखोड नाही. त्यांनी तो चौकटीत घालून बाहेरच्या भिंतीवर लावला. नाव झाकलं होतं, पण पेन्सिलीच्या रेघा कुणाच्या हे सगळ्या गावाला कळत होतं. प्रांताकडून आम्हाला प्रशस्तिपत्र आलं आणि त्यावर माझं नाव होतं. मी ते खोट्या नम्रपणाने स्वीकारलं, असं आता वाटतं.

त्याच जानेवारीत एका सोमवारी ग्लेंडा मॅकफी, माझी नर्स, कोट काढता काढता म्हणाली, "शनिवारी ओरेस्टची पट्टी सुटली."

"कसली पट्टी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिची जागा रिंकवर तिसऱ्या रांगेत, तिच्या आईच्या वेळेपासूनची. "डॉक्टर, बर्फावरची पट्टी. हातभर रुंद. निळ्या रेषेपासून पार गोलपर्यंत कोरडी राहिली. बत्तीस वर्षांत असं झालेलं नाही."

बुधवारी मी ओरेस्टला तपासलं. कागदावर चांदणी काढायला लावली, त्याने काढली. महिने उलटे म्हणायला लावले, म्हटले. मग दोन्ही हात वाहतूक पोलिसासारखे पुढे धरायला लावले. धुकं असेल तर पंजे पंख मारल्यासारखे खाली पडतात आणि पुन्हा उचलले जातात. त्याचे पंजे दगडासारखे स्थिर होते. मी कागदावर लिहिलं, 'धुकं नाही.' फेब्रुवारीत आणखी दोन पट्ट्या सुटल्या. दोन्ही शनिवारी. बुधवारी दोन्ही वेळा धुकं नाही.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते पत्र आलं. माणसाला स्वतःलाच शंका आली होती, आणि ती त्याने मला विचारली होती. हो म्हटलं आणि तो कुणाच्या अंगावर यंत्र घेऊन गेला तर? नाही म्हटलं आणि तो नुसताच आजारी होता तर? ओरेस्टकडून बर्था काढून घेतली की उरतं ते सात-आठ लिटर पाणी, हे मला ठाऊक होतं. मी तीन दिवस वाचत बसलो. यकृताचा पेशंट आणि गाडी चालवणं यावर पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वैद्यांनी तारतम्याने ठरवावं असं होतं. तारतम्याचं प्रकरण कुठेच सापडलं नाही.

म्हणून मी प्रश्न समितीकडे दिला.

"आधी एक ठरवलं पाहिजे," कार्लीनबाई म्हणाल्या. "हे वाहन आहे का?"

"त्याला चाकं आहेत," मी म्हणालो.

"व्हीलचेअरलाही आहेत. आणि बर्फ म्हणजे रस्ता धरायचा का?"

"इथे नोव्हेंबर ते एप्रिल रस्ताही बर्फच असतो," ग्लेंडा मागून म्हणाली. ते इतिवृत्तात आलं नाही.

वाहन खात्याला पत्र गेलं. कामगार सुरक्षेच्या खात्याला गेलं. इस्पितळाच्या वकिलाने मला फोनवर सांगितलं, "डॉक्टर, हो लिहू नका, नाही लिहू नका, आणि तुम्ही लिहिणार नाही असंही लिहून देऊ नका." मला इतकं हायसं वाटलं की त्याची लाज अजून गेलेली नाही.

पुढच्या बुधवारी ओरेस्ट आला. पाणी काढून झाल्यावर शर्टाची बटणं लावताना म्हणाला, "पोस्टाचा काही घोळ चाललाय का हो?"

"समिती बघते आहे," मी म्हणालो.

"समिती बर्फावर येते का?"

तो गेल्यावर ग्लेंडाने दार लावलं. "डॉक्टर, तुम्ही रिंकवर कधी गेला होतात?"

"एकदा गेलो होतो. ब्याऐंशी साली."

"मग?"

"थंडी होती."

"या शनिवारी शेवटची मॅच आहे. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. पुस्तक आणलंत तरी चालेल."

मी पुस्तक नेलं. रिंकमध्ये नऊशे माणसं होती, आणि बहुतेकांना मी कधी ना कधी कपडे काढायला लावले होते. त्यांच्यात जाऊन बसणं मला जड गेलं. माझ्या एका बाजूला ग्लेंडा, दुसऱ्या बाजूला डारिया, तिच्या मांडीवर लसणाच्या सॉसेजची पिशवी. पहिल्या मध्यंतरात ओरेस्ट बर्थाला घेऊन आला. माणूस इतकं सरळ काही करू शकतो हे मी प्रथमच पाहत होतो. मागे राहिलेलं पाणी दिव्यांखाली चमकत होतं. ती माझ्या चांदणीपेक्षा कितीतरी चांगली तपासणी होती, आणि ती आठवड्यातून दोनदा सगळ्या गावासमोर होत होती. तिथे फक्त डॉक्टर नसायचा.

"छान चाललंय की," मी डारियाला म्हणालो. "सिरपचा गुण दिसतोय."

"आज कुठलं सिरप?" ती म्हणाली. "मॅच असली की तो घेतच नाही. शुक्रवारीही नाही, शनिवारीही नाही."

"पण तक्त्यावर रोज तीन आहेत."

"तुम्हीच तीन सांगितले होते ना?"

"तीन व्हायला हवेत, असं सांगितलं होतं."

"मग त्याने तीन भरले. तुम्ही सांगितलं आणि त्याने भरलं नाही, असं कधी झालंय?" तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "डॉक्टर, बर्थावर बसल्यावर मधेच कळ आली तर काय करायचं? पंधरा मिनिटं असतात. नऊशे माणसं बघत असतात."

म्हणजे शुक्रवार-शनिवार तो तुंबलेल्या आतड्यांनी धुक्यात जायचा, रविवारपासून सिरप पिऊन बाहेर यायचा, आणि बुधवारी माझ्यासमोर सुरेख चांदणी काढायचा. आमची भिंतीवरची चौकट ही त्याने आज्ञाधारकपणे लिहिलेली कहाणी होती. मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या मध्यंतरात दोन पट्ट्या बरोबर पडल्या. तिसरी मधेच वळली. मग बर्था मैदानाच्या मध्यावर गोल फिरू लागली, सावकाश, घाण्यासारखी. पहिल्या गोलाला कुणीतरी हसलं. तिसऱ्या गोलाला नऊशे माणसं गप्प झाली. त्या शांततेत सगळे माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं, आणि या एका बाबतीत माझी शंका खरी निघाली.

मी उठलो, पायऱ्या उतरलो, फाटक उघडलं आणि बर्फावर पाय ठेवला. ओल्या बर्फावर साध्या बुटांनी जाऊ नये, हे तिथल्या तीन वर्षांच्या मुलालाही माहीत असतं. मी उजव्या हातावर पडलो. मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. वर पाहिलं तर बर्था माझ्याकडेच येत होती.

ती माझ्या नाकापासून दोन हातांवर थांबली. अगदी अलगद. ओरेस्टने वरून खाली पाहिलं. त्याला कुणाला तरी ओळखायला वेळ लागत होता, मग मी सापडलो.

"डॉक्टर," तो जड जिभेने म्हणाला, "बर्फावर बूट घालून येत नाहीत."

"चुकलं."

"उत्तर आणलंत?"

नऊशे माणसं ऐकत होती. हो किंवा नाही, एकच शब्द. मी पडल्या पडल्या त्याच्याकडे पाहिलं आणि मला येत होतं तेवढंच म्हणालो, "ओरेस्ट, हात पुढे धरा."

त्याने बर्थावर बसूनच दोन्ही हात पुढे धरले. पंजे पडले, उचलले गेले, पुन्हा पडले. थकलेला पक्षी उडू पाहतो तसे. ते सगळ्यांनी पाहिलं, अगदी वरच्या रांगेनेही. डारिया सॉसेजची पिशवी ग्लेंडाकडे देऊन खाली आली. रबरी तळव्यांचे बूट घालून, सरळ चालत, न घसरता. "सरक, म्हाताऱ्या," ती म्हणाली. त्याला उतरवलं, स्वतः बसली, आणि उरलेलं मैदान तिने केलं. बर्फ उंचसखल झालं. कुणी तक्रार केली नाही.

आम्हा दोघांनाही एकाच गाडीतून इस्पितळात नेलं, त्याला सिरपसाठी आणि मला प्लास्टरसाठी. उजवा हात सहा आठवडे गळ्यात होता. हाताने लिहा, असं पत्रात होतं. तेव्हा सहा आठवडे तरी मला रीतसर सबब मिळाली.

बाकीचं ग्लेंडाने कँटीनच्या कागदी रुमालावर ठरवलं. मॅचच्या दिवशी पहाटे पाचला पहिला डोस, नऊला दुसरा, दुपारी तीनपर्यंत सगळं उरकलेलं. इतकं सोपं होतं. सिरपच्या जोडीला एक महागडी गोळी लागणार होती. तिच्या मंजुरीचा अर्ज परत आला, कारण तक्त्यांनुसार पेशंटची प्रकृती आदर्श होती. मग ओरेस्टने खरे तक्ते भरायला सुरुवात केली: दोन, चार, एक, पाच, आणि एके ठिकाणी 'विचारू नका'. कार्लीनबाईंनी चौकट उतरवली. प्रशस्तिपत्रही परत मागितलं गेलं. गोळी मात्र मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात गावाने आपली पद्धत पाडली. बर्था फाटकातून आत यायच्या आधी ओरेस्ट कठड्यापाशी उभा राहून दोन्ही हात पुढे धरायचा. सगळं गाव बघायचं. हात स्थिर असले तर वरून कुणीतरी ओरडायचं, "जा, घेऊन जा." पंजे पडले तर डारिया कोट काढायची. लोक स्वतःचेही हात पुढे धरून ताडून पाहू लागले. बाहेरगावच्या संघांना ती आमची प्रार्थना वाटायची. मी अठ्ठावीस वर्षांत दवाखान्यात जितके पंजे तपासले नाहीत, तितके त्या एका हिवाळ्यात तपासले गेले.

समितीचं उत्तर चौदा महिन्यांनी आलं. सदर यंत्र वाहन नाही व बर्फ रस्ता नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.

ओरेस्टला नऊ वर्षांपूर्वी एडमंटनला नवं यकृत बसलं. त्याआधी वर्षभर तो यादीसाठी पुरेसा आजारी नव्हता, मग पोटातल्या पाण्यात जंतू झाले तेव्हा तीन आठवडे फारच आजारी होता, आणि मधल्या एका मंगळवारी नेमका हवा तितका आजारी निघाला. नवं लिव्हर कॅल्गरीकडचं असावं असं गाव म्हणतं, कारण हल्ली तो आमच्या हाडवैरी कॅल्गरी संघाच्या गोलवरही टाळ्या वाजवतो. पंजे पडण्याचं आता काही कारण नाही. तरी शनिवारी त्याला हात दाखवावेच लागतात.

मला या वर्षी ऐंशी पूर्ण झाली. लायब्ररीसमोर माझी गाडी फुटपाथवर चढली. कुणाला लागलं नाही, पण चालकाचा परवाना नवा करायचा तर डॉक्टरचा शेरा हवा. आता माझ्या जागी डॉक्टर बिलिन्स्कीबाई आहेत, तरुण आणि हुशार. मी त्यांना चिठ्ठी लिहिली. मी गाडी चालवू का नको? हो किंवा नाही. सहा पानांचा फॉर्म आला. नंतर त्या मला दुकानात दिसल्या. मला पाहून त्यांनी सलगम निवडायला घेतलं आणि ते फार वेळ निवडलं. मला राग आला नाही. ते सलगम मी ओळखलं.

घरी येऊन खोकं उघडलं. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं ते असं:

"प्रिय ओरेस्ट, उत्तराला उशीर झाला. सिरप घेतलेलं असेल आणि हात स्थिर असतील, त्या दिवशी हो. बाकीच्या दिवशी नाही. एवढं लिहायला मला कुठलंही पुस्तक लागत नव्हतं. तुमच्या घरी येऊन डारियाला एक प्रश्न विचारावा लागला असता, आणि मला लाज वाटत होती. अर्विन फ्रीसन. ता. क. लोणच्यात मीठ फार होतं. मी सगळं खाल्लं. दुसरं, या शनिवारी रिंकवर येतो. माझे हात जरा बघून सांगा. हो किंवा नाही."

गाडीची किल्ली खिळ्यालाच राहू दिली आणि पोस्टात चालत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पत्ता वाचला.

"डॉक्टर, हे तर रिंकच्या मागचं घर. मी जाता जाता देईन की हातात. उगाच तिकीट कशाला?"

"नको," मी म्हणालो. "पोस्टानेच जाऊ दे."

त्यांनी तिकीट दिलं. मी ते लावलं, पाकिटाची कड पुन्हा एकदा दाबली, आणि पत्र पेटीत टाकलं.